वाटूरवरची नऊ मिनिटं

वाटूरला अजून चार-दोन म्हातारी माणसं अशी निघतील, की माझ्या वडिलांचं नाव काढलं तर आधी हसतील. "कोण, भुजंगराव? ते झोपलेले तारबाबू का?" हसोत बापडी. त्यांचा दोष नाही. वडिलांनी स्वतःच्या तोंडानं जे सांगितलं तेच ती धरून बसलीत. पण मला त्या हसण्याचा राग येतो, सत्तरी उलटली तरी येतो. ज्यांच्यापासून खरी गोष्ट लपवायची होती ती सगळी माणसं आता गेली, तेव्हा ती लिहून टाकते.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. घर शेतकऱ्याचं. वाटूरला काळी जमीन होती आणि थोरले काका धर्मराज तिच्यात बैलासारखे राबायचे. दादांना शेतीचं अंग नव्हतं. औत धरायला पाठवलं तर बांधावर कुणाशी तरी गप्पा मारत उभे राहतील, असे. आजोबांनी वैतागून त्यांना जालन्याला शाळेत घातलं. निजामाचं राज्य, शिकायचं ते उर्दूत. दादा उर्दू शिकले, कामापुरती इंग्रजी शिकले आणि रेल्वेत तारबाबू झाले. परतूर स्टेशनात त्यांच्या टेबलावर दिवसभर कट्ट-कड-कट्ट चाललेलं असायचं. दुसऱ्याला तो नुसता आवाज, दादांना मात्र त्यात माणूस ऐकू यायचा. "आज सेलूचा बाबू कावलेला दिसतो," म्हणायचे, आणि तो खरंच कावलेला असायचा.

मग दुसरी मोठी लढाई आली. जालन्याबाहेरच्या माळावर विमान शिकवायची एक शाळा निघाली. लढाईपुरतीच होती, लढाईबरोबर उठली, आज तिथं ज्वारी असते. पंधरा-वीस पोरं, पाच-सहा पिवळी विमानं आणि एक पत्र्याची खोली. त्या खोलीत बिनतारी यंत्र होतं. त्यावर बसायला जाणता माणूस हवा होता, तेव्हा रेल्वेतून दादांना नेलं. आम्ही जालन्याला राहायला आलो, मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची.

ते काम नेमकं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोरगं एकटं उडायला लागलं की त्याला तीन कोनांची फेरी द्यायचे. जालन्यावरून निघायचं, वाटूरच्या फाट्यावर जायचं. तिथून वळून गोदावरीवर शहागडला, आणि शहागडहून पुन्हा वळून घरी. आभाळात रस्ता नसतो. समोर होकायंत्र असतं आणि त्याच्यावर तीनशे साठ आकडे. कोणत्या आकड्यावर नाक धरलं की कुठं पोचतो, ते आधीच काढून पोरांच्या मांडीला बांधलेल्या कागदावर लिहिलेलं असायचं. तोच कागद दादांच्या टेबलावरही असायचा. पोरगं वळलं की त्यानं यंत्रातून चार गोष्टी बोलायच्या: जागा, वेळ, नवा आकडा आणि उंची. दादांनी तो आकडा आपल्या कागदाशी ताडून बघायचा. जुळला तर म्हणायचं, ठीक. न जुळला तर तिथल्या तिथं अडवायचं: कुठं चाललास? आकडा पुन्हा सांग.

ते अडवणं हीच खरी नोकरी. ते यंत्र पस्तीस मैलांच्या पुढं मुकं व्हायचं. वाटूर तिथून अठ्ठावीस मैल. म्हणजे वाटूरवर जो चुकला, त्याला अडवायला चार-पाच मिनिटं, फार तर सहा.

दादांना त्या कामाची भारी ऐट होती. मी घागर घेऊन निघाले की दारातून म्हणायचे, "जागा? वेळ? कुणीकडं?" आणि मी "विहीर, सकाळ, खाली" म्हटल्याशिवाय सोडायचे नाहीत. आई, तिचं नाव द्वारकाबाई, हसून बेजार व्हायची. "उंटावरून शेळ्या हाकणारे लई पाह्यले," म्हणायची, "पण शेळीवर बसून उंट हाकणारे तुम्हीच." एकदा मात्र तिनं हसता हसता म्हटलं, "निघालेल्या माणसाला कुठं चालला म्हणून टोकू न्हाई म्हणतेत. अन् तुमची तर नौकरीच ती."

"आभाळात टोकलं तर चालतं," दादा म्हणाले. "तिथं भुतं न्हाईत."

आमच्याकडं ही रीत अजून आहे. घरातून कामाला निघालेल्याला पाठीमागून हाक मारायची नाही, कुठं चाललास विचारायचं नाही. काम फिसकटतं म्हणतात. विसरलेली वस्तू असेल तर पळत जाऊन हातात द्यावी, पण तोंडातून आवाज काढू नये. दादा हे मानत नव्हते. मी मुद्दाम लिहिते, कारण त्यांनी पुढं जे केलं ते भीतीनं केलं असं कुणाला वाटायला नको.

त्या पोरांत एक कन्हैयालाल होता. जालन्याच्या मस्तगडात कपड्याचं दुकान असलेल्या सुरजमल शेटजींचा मुलगा. मारवाड्याचा पोरगा गादी सोडून विमानात बसतो म्हटल्यावर गावाला बोलायला विषय झाला. गोरा, हडकुळा, हिशेबात वस्तरा. आम्ही त्यांच्याच दुकानात कापड घ्यायचो, त्यामुळं ओळख जुनी होती. त्याची आई भगवतीदेवी दुकानामागच्या दाराशी पदर ओढून बसायची. तिनं दादांना धर्माचा भाऊ मानलं होतं. श्रावणात न चुकता राखी यायची, सोबत घेवराची मिठाई यायची, आणि तो घेवर मी लपवून ठेवायची.

भगवतीदेवींचा थोरला मुलगा रामकिसन आधीच गेला होता. कापसाच्या सौद्याला घोड्यावर अंबडला निघाला. आभाळ भरलेलं बघून आईनं मागून हाक मारली, "रामकिसन, छत्री!" तो परत फिरला, छत्री घेतली, पुन्हा निघाला. त्या थांबण्यात जो वेळ गेला तेवढ्यात वाटेतल्या ओढ्याला लोंढा आला, आणि तो घोड्यासकट वाहून गेला. हाक मारली नसती तर तो आधीच पार झाला असता, असं लोकांनी तिच्या तोंडावर म्हटलं. लोकांना काय, जीभ उचलली की टाळ्याला लावली. ती बाई सहा महिने कुणाशी बोलली नाही. आवाजच काढायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. दादा तेव्हा जाऊन नुसते समोर बसून यायचे.

चव्वेचाळीस सालचा चैत्र. कन्हैयाची एकट्यानं फेरी मारायची पाळी तीन दिवसांवर आली होती. त्यानं घरी मोठ्या हौसेनं सांगितलं, की भुजंगजी आम्हाला उडता उडता खालून कसे पकडतात, कुठं चाललास, पुन्हा सांग, कसं म्हणतात. त्याला वाटलं आई खूश होईल. भगवतीदेवींनी त्याच दिवशी दादांना बोलावणं पाठवलं.

"भैया, तुम्ही त्याला मागून आवाज देता म्हणे," त्या दाराआडून म्हणाल्या. "कुठं चालला म्हणून इचारता."

"ते कामच आहे, ताई. त्याच्या भल्याचंच आहे."

"बाकीच्याला द्या. माझ्या पोराला देऊ नका. मी एकदा आवाज दिल्ता. काय झालं ते तुम्ही पाह्यलं."

दादांनी समजावून बघितलं. होकायंत्र, आकडे, कागद, सगळं सांगितलं. पण ज्या बाईचं पोर एका हाकेनं गेलं तिच्यापुढं होकायंत्राची काय कथा? तिनं पदराबाहेर हात काढला. "ह्या हातानं धागा बांधला तुम्हाला. मी कधी काही मागितलं न्हाई. तो एकटा जाईल त्या दिवशी बिलकुल आवाज देऊ नका. शब्द द्या."

दादा म्हणाले, "बरं, ताई."

दादांना नाही म्हणता येत नव्हतं. हा त्यांचा मोठा अवगुण होता, आणि लोक त्याला चांगुलपणा म्हणायचे. घरी येताना त्यांनी मनाशी जुळवून घेतलं, ते असं. पोरगं आपण होऊन आकडा सांगतं. आकडा बरोबर असला की आपण फक्त ठीक म्हणायचं, ते काही टोकणं झालं नाही. आणि कन्हैयाचा आकडा चुकणार कशाला? तो तर हिशेबाला सगळ्यांत पक्का. शब्दही राहील आणि कामही होईल. आम्ही शेतकरी माणसं, पाऊस येईलच असं धरून पेरतो. तसंच त्यांनी केलं.

त्या दिवशी दुपारी तीनला तो उडाला. हवेत चैत-वैशाखाचा धुरळा होता. खालचं सरळ खाली तेवढं दिसायचं, लांबचं सगळं मातकट. वाटूरपर्यंत तो बरोबर गेला. तीन बावीसला यंत्रात त्याचा आवाज आला. दादांनी तो आईला शब्दाला शब्द सांगितला होता. वाटूर, तीन बावीस, वन फोर झीरो, दोन हजार फूट.

टेबलावरच्या कागदावर होतं टू फोर झीरो.

दोनशे चाळीस म्हणजे नैर्ऋत्येला, शहागडकडं. एकशे चाळीस म्हणजे आग्नेयेला, गंगाखेडच्या अंगाला. मांडीवरच्या कागदावर घामानं पेन्सिलीचा आकडा पुसला असेल, की उतरवून घेतानाच चुकला असेल, की नुसती बोलण्यातच चूक झाली असेल, ते कधीच कळलं नाही. दादांचा हात बटणावर होता. रोजच्या सवयीनं ओठांवर आलं होतं, आकडा पुन्हा सांग. आणि त्यांना पदरातून बाहेर आलेला भगवतीदेवींचा तो हात दिसला.

त्यांनी स्वतःशी म्हटलं, जीभ घसरली असेल. नाक बरोबर धरलं असेल त्यानं. पोरगं हुशार आहे.

आणि यंत्रात म्हणाले, "ठीक."

तो शब्द म्हटल्यावर ते घड्याळाकडं बघत बसले. बरोबर गेला असता तर शहागडच्या वाटेवर तो आधी जालन्याच्या अंगाला सरकणार होता, यंत्रातली त्याची खरखर स्वच्छ व्हायला हवी होती. ती विरत गेली. तीन पंचवीस. तीन सत्तावीस. दादांना कानानं माणूस ओळखता यायचा, त्यांना कळायला लागलं होतं. पण शब्द दिला होता. आणि मानत नसलेली गोष्टसुद्धा अशा वेळी मानेवर बसते. मी आवाज दिला आणि खरंच काही झालं तर? त्या बाईला काय तोंड दाखवू? असं करता करता नऊ मिनिटं गेली. तीन एकतीसला त्यांनी शब्द मोडला. हाक मारली. नाव घेऊन मारली, आकडा ओरडून सांगितला, परत फिर म्हणाले. तासभर ते ओरडत होते, घसा बसेपर्यंत. पलीकडं कुणी नव्हतं.

पुढचं दादांनी नंतर हिशेब मांडून काढलं. कन्हैया एकशे चाळीसवर सरळ गेला. शहागडला पोचायला जितका वेळ लागला असता, जवळपास तितक्याच वेळात त्याला खाली गोदावरी दिसली. गोदावरीच ती, पण शहागडपासून साठ मैल वाहत खाली गेलेली. धुरळ्यात त्याला वाटलं, आलं शहागड. तिथं तो मोठ्या विश्वासानं घराकडं वळला असणार, आणि जागा, वेळ, आकडा, उंची हे सगळं नीट बोललाही असणार. ऐकणारं कुणी नव्हतं. मग जिथं जालना असायला हवं तिथं जालना नव्हतं. वाटेत रेल्वेचे रूळ आडवे होते, ते धरून आला असता तरी घरी पोचला असता. ते त्याला दिसले कसे नाहीत, हे दादा मरेपर्यंत आईला विचारत होते, जसं काही तिलाच माहीत असणार. तेल संपेस्तोवर तो फिरला. तिसऱ्या दिवशी जिंतूरच्या डोंगरात मेंढपाळांना विमान सापडलं. कन्हैया आतच होता. एकवीस वर्षांचा.

चौकशी झाली. मोठ्या साहेबांनी दादांना विचारलं, वाटूरवर वळताना पोरगं काय बोललं? दादा म्हणाले, "ऐकलं न्हाई साहेब. डोळा लागला होता. जाग आली तोवर उशीर झाला." नोंदवहीत तीन बावीसच्या जागी ओळ कोरी होती. मोत्यासारखं अक्षर असलेल्या माणसानं ती कोरी ठेवली होती. नोकरी गेली, आणि असला माणूस रेल्वेनंही परत घेतला नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "तुम्ही अन् दुपारचे झोपले? तुम्हाला तर घरीबी दुपारची झोप येत न्हाई." मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, आणि कुणाला न सांगायची शपथ घातली.

"पण का?" आई म्हणाली. "खरं सांगितलं तर अर्धा दोष तरी उतरंल."

"कुणाच्या डोक्यावर उतरंल?" दादा म्हणाले. "पह्यला आवाज दिला म्हणून गेला, दुसरा आवाज देऊ दिला न्हाई म्हणून गेला. हे कळल्यावर ती बाई जगंल का? त्यापरीस भुजंग झोपला, हेच बरंय. मला शिव्या देऊन तरी ती दोन घास खाईल."

आम्ही बिऱ्हाड उचलून वाटूरला आलो. धर्मराजकाकांनी एक शब्द न बोलता ओसरी रिकामी करून दिली, ते त्यांचे उपकार. पण गाव ते गाव. दादा चावडीवरून चालले की पोरं घोरल्याचे आवाज काढायची. कुणाच्या शेतात राखणीला माणूस हवा असला की, "भुजंगरावाला नेऊ नका रे," म्हणून हसायचे. दादाही हसायचे! त्या हसण्यानं माझ्या अंगाची लाही व्हायची. मला तेव्हा खरं माहीत नव्हतं. मलाही वाटायचं, बाप झोपला आणि आपलं वाटोळं झालं. मी त्यांच्याशी नीट बोलत नव्हते, हे इथं लिहायला हवं. ताट समोर आदळायची. माझ्या लग्नाचं दोन ठिकाणी जमत आलेलं त्या झोपेवरून मोडलं, शेवटी बिजवराला दिली. श्रावण आला, राखी आली नाही. दादा त्या दिवशी दारात बसून राहिले. मी म्हटलं, "आता कशाची वाट पाहून राह्यले?" ते म्हणाले, "काही न्हाई, पोरी. हवेला बसलो."

अठ्ठेचाळीस साल उजाडलं. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला होता. जालन्याची कितीतरी व्यापारी घरं राज्याबाहेर वऱ्हाडात चालली होती. रेल्वेनं गेलं तर स्टेशनावर अडवायचे, म्हणून बैलगाड्या करून वाटूर, मंठा, लोणार असे जायचे. मी माहेरपणाला आले होते. पाणवठ्यावर एका बाईनं बापाच्या झोपेवरून मला टोमणा मारला, मी तिची घागर फोडली, आणि घरी येऊन आईजवळ बापालाच नको ते बोलले. तेव्हा आईला राहवलं नाही. तिनं शपथ मोडली. त्या दुपारी मला सगळं कळलं. चार वर्षं मी ज्याच्यापुढं ताट आदळत होते तो माणूस अंगणात बसून माझ्या सासरी द्यायच्या शेवया वाळत घालत होता. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशीच दोन गाड्या आमच्या दारात थांबल्या. भगवतीदेवी उतरल्या. मी त्यांना ओळखलं नाही, इतक्या वाळल्या होत्या. सुरजमल शेटजी गाडीतच बसून राहिले, त्यांनी आमच्या घराकडं पाठ केली होती. दुसऱ्या गाडीत रामकिसनची विधवा आणि तिचा मुलगा होता. भगवतीदेवी ओट्यावर बसल्या, पदर मागं सारला. दादांसमोर त्यांनी तोंड उघडं केलं ते तेव्हाच पहिल्यांदा.

"भैया," त्या म्हणाल्या, "चार साल मी तुम्हाला तळतळाट दिले. सकाळ-सांज दिले. आता घरदार सोडून चालले, वापस येते का न्हाई कुणाला माहीत. मनात गाठ घेऊन जायचं न्हाई. माणसाचा डोळा लागतो. मी तुम्हाला माफ केलं."

दादांनी मान खाली घातली. हात जोडले.

"अन् एक सांगते. त्याला कुणी मागून आवाज दिला न्हाई, तेवढंच माझ्या जिवाला समाधान आहे. तुम्ही शब्द राखला."

मी दाराशी उभी होते. माझ्या बापाला त्या बाईनं न केलेल्या गुन्ह्याची माफी दिली होती, आणि बाप ती भीक घेतल्यासारखी दोन्ही हातांनी घेत होता. माझ्यानं बघवेना. मी म्हणाले, "दादा झोपले न्हवते!"

आईनं माझं मनगट धरलं. भगवतीदेवी वळून माझ्याकडं बघायला लागल्या.

"झोपले न्हवते?" त्या म्हणाल्या. "मंग काय करून राह्यले होते?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. तुमचा शब्द राखत होते, एवढं एकच वाक्य. त्या वाक्यात माझ्या बापाची अब्रू होती, माझं मोडलेलं लग्न होतं, चार वर्षांचं ते घोरणं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात दादा उठले, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले.

"चूप! खोटं बोलू नको." मग त्यांच्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "झोपलोच होतो, ताई. लेक आहे. बापाची अब्रू झाकून राह्यली."

भगवतीदेवी माझ्याजवळ आल्या. माझा चेहरा हातात धरला. "अशी लेक पाह्यजे," म्हणाल्या. "माझं कुणी असं बोलायला ऱ्हायलं न्हाई." त्यांनी आपल्या पदराचा धागा ओढून काढला आणि दादांच्या मनगटाला बांधला, श्रावण नसताना. गाडीत बसताना म्हणाल्या, "आता तरी घोर करू नका, भैया. माझ्या मनात काही न्हाई."

"बराबर आहे, ताई," दादा म्हणाले.

गाड्या मंठ्याच्या वाटेला लागल्या. दादा आत आले. मी भिंतीला टेकून रडत होते. ते माझ्याजवळ खाली बसले.

"तिचे दोन गेले, उषा," ते म्हणाले. "दोन्हीबी तिच्याच हातानं गेले, असं तिला सांगायला निघाली होती तू. माझ्या एका नावापायी."

ते खरं होतं, मला कळत होतं. आई पदरानं डोळे पुसत होती. पोरीनं अशा वेळी बापाच्या पायावर डोकं ठेवावं. पण माझं मन तेवढं मोठं नव्हतं.

"अन् आमचं काय, दादा?" मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता तो काढून घेतला, आणि मनगटावरचा धागा फिरवत बसून राहिले. मी उठले आणि भाकरी टाकायला चूल पेटवली.